वेबकॅमची निवड : इतिहासाच्या साक्षीनें

संगणकाला जोडावयाचा जो लहानसा कॅमेरा आपण सारे वेबकॅम या नांवानें ओळखतों, तो विकत घ्यावयास गेलें म्हणजे दुकानदार प्रथम एक आंकडा सांगतो. हा ७२० चा, हा १०८० चा, आणि हा त्याहूनही वरचा, ‘फोर-के’! आंकडा मोठा तशी किंमत मोठी, आणि किंमत मोठी तसें चित्र चांगलें, अशा हिशेबानें गिऱ्हाईक आपल्या ऐपतीप्रमाणें एक आंकडा उचलून घरीं येतें. रात्रीं परदेशांतल्या मुलाशीं बोलावयास बसलें कीं वडिलांचा चेहरा काळवंडलेला, नजर खालीं लागलेली, आणि डोक्यामागचा दिवा मात्र लख्ख, असा प्रकार दिसतो. मग दोष कॅमेऱ्याच्या माथीं बसतो व पुढच्या खेपेस त्याहून मोठा आंकडा घरांत येतो. दुकानदाराचा आंकडा खोटा असतो असें मी म्हणत नाहीं. परंतु दूर बसलेल्या माणसाचें नीट दर्शन होणें ज्या गोष्टींवर अवलंबून आहे, त्यांतील फारच थोड्या त्या आंकड्यांत मावतात. हें केवळ माझ्या पदरचें मत नव्हे. बोलतां बोलतां एकमेकांस पाहावें या इच्छेच्या मागें मनुष्य जवळजवळ शंभर वर्षें लागला आहे, आणि त्या काळांतील फसलेल्या व साधलेल्या प्रयत्नांची साक्ष हीच आहे. ती आज आपल्यापुढें मांडावी असा विचार आहे.

ता. ७ एप्रिल १९२७ रोजीं अमेरिकेचे तेव्हांचे व्यापारमंत्री हर्बर्ट हूव्हर (हेच पुढें १९२९ सालीं राष्ट्राध्यक्ष झाले) वॉशिंग्टन येथें एका यंत्रापुढें बसून बोलले, आणि तारेवरून गेलेलें त्यांचें हलतें चित्र न्यूयॉर्क येथें अमेरिकन टेलिफोन कंपनीचे अध्यक्ष वॉल्टर गिफर्ड यांनीं पाहिलें. तें चित्र अवघ्या ५० ओळींचें होतें. दुकानदाराचे ७२० व १०८० हे आंकडे म्हणजे चित्रांतल्या आडव्या ओळींची संख्याच होय, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या चित्राची योग्यता काय असेल तें कळतें. शिवाय दर्शन एकतर्फी होतें. गिफर्ड यांना हूव्हरसाहेब दिसत, हूव्हरसाहेबांना गिफर्ड दिसत नसत. दोहों बाजूंनीं दिसण्याची सोय याच कंपनीच्या संशोधकांनीं १९३० सालीं न्यूयॉर्क शहरांत करून दाखविली. या प्रयोगांतील एक गोष्ट मला विशेष वाटते. प्रखर प्रकाशाचा एक बारीक किरण बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून भराभर फिरवावा, आणि चेहऱ्यावरून परतलेला उजेड यंत्रानें टिपून त्याचें विजेंत रूपांतर करावें, अशी ती युक्ति होती. आधीं उजेडाची तजवीज, मग चित्राची, असा त्या संशोधकांचा क्रम होता. आज आपण तो नेमका उलटा केला आहे.

लोकांना पैसे भरून वापरतां येईल अशी सोय प्रथम जर्मनीनें केली. ता. १ मार्च १९३६ रोजीं, लाइप्झिगच्या व्यापारी जत्रेचा मुहूर्त साधून, तेथील टपाल खात्यानें बर्लिन व लाइप्झिग या दोन शहरांमध्यें दृश्य टेलिफोन सुरू केला. चित्र १८० ओळींचें होतें व सेकंदाला २५ चित्रें जात. पुढें ही सोय म्यूनिकपर्यंत पोहोंचली. पण ती घरीं नव्हती. बोलणाऱ्यानें आपल्या गांवच्या पोस्टांत जावयाचें, ज्याच्याशीं बोलावयाचें त्यानेंही ठरल्या वेळीं त्याच्या गांवच्या पोस्टांत येऊन बसावयाचें, आणि दोघांनीं आपापल्या कोठडींतून बोलावयाचें. ट्रंक कॉल लावून तासन् तास पोस्टांत ताटकळलेल्या आपल्याकडील वडीलधाऱ्यांना याची कल्पना सहज येईल. हिटलरी राजवटीची ती एक मिरवावयाची वस्तु होती. महायुद्ध सुरू झालें आणि १९४० सालीं ती बंद पडली.

यानंतरचा प्रयत्न सर्वांत मोठा, सर्वांत खर्चाचा, आणि म्हणूनच सर्वांत शिकविणारा आहे. त्याच अमेरिकन टेलिफोन कंपनीनें १९६४ सालच्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनांत ‘पिक्चरफोन’ नांवाचा संच मांडला. त्याच वर्षीं २४ जून रोजीं राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या पत्नींनीं वॉशिंग्टनहून न्यूयॉर्कला पहिला कॉल केला. न्यूयॉर्क, शिकागो व वॉशिंग्टन येथें कोठड्या उघडल्या. दर मात्र ऐकण्यासारखे होते. तीन मिनिटांच्या बोलण्यास अंतराप्रमाणें १६ ते २७ डॉलर! गिऱ्हाइकें फिरकलीं नाहींत यांत नवल नाहीं. तरीही कंपनी डगमगली नाहीं. १९७० सालीं पिट्सबर्ग शहरांत तिनें हीच सोय कचेऱ्यांमध्यें नेऊन ठेविली. महिन्याचें भाडें १६० डॉलर, त्यांत ३० मिनिटें बोलणें, आणि पुढें प्रत्येक मिनिटाला २५ सेंट. दहा वर्षांत असे संच लाखोंनीं खपतील असा तिचा अंदाज होता. प्रत्यक्षांत पांचशेंही भाडेकरू कधीं झाले नाहींत, आणि थोड्याच वर्षांत तो पसारा तिला आवरावा लागला.

आतां प्रश्न असा कीं, हा प्रयत्न कां फसला? कॅमेरा वाईट होता काय? मुळींच नाहीं. सुमारें २५० ओळींचें, सेकंदाला ३० वेळां बदलणारें तें चित्र चेहरा ओळखण्यास, हंसणें व कपाळावरची आठी टिपण्यास पुरेसें होतें. पहिलें कारण वाटेचें. एका चित्राला जेवढी वाट लागे, तेवढ्या वाटेनें शंभराहून अधिक साधीं बोलणीं जाऊं शकलीं असतीं. संच बसवावयाचा तर एका जोडतारेऐवजीं तीन जोडतारा न्याव्या लागत. दुसरें कारण समोरच्या माणसाचें. साधा टेलिफोन घेतला तर गांवांतील हजारों लोकांशीं बोलतां येई. पिक्चरफोन घेतला तर बोलावयाचें कोणाशीं? ज्याच्याकडे तो आहे त्याच्याशींच, आणि तसे लोक बोटांवर मोजण्याइतके! तिसरें कारण मनुष्यस्वभावाचें. सकाळीं दाढी न करतां, केस न विंचरतां टेलिफोन उचलतां येतो, ही त्याची केवढी मोठी सुखसोय आहे हें लोकांना चित्र दिसूं लागल्यावरच उमगलें. या तीन कारणांपैकीं एकाचाही भिंगाशीं संबंध नाहीं, हें श्रोत्यांनीं कृपा करून ध्यानांत ठेवावें.

गंमत अशी कीं, या फसलेल्या संचाच्या कंपनीच्या प्रयोगशाळेंतच, बेल लॅबोरेटरींत, पुढच्या यशाचें बीं पडलें. १९६९ सालीं विलर्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ हे तेथील दोन शास्त्रज्ञ संगणकाच्या स्मरणासाठीं एक नवीन युक्ति शोधीत होते. त्यांतून निघाली ती सी-सी-डी, म्हणजे प्रकाश साठवून त्याची मोजणी करणारी चकती. त्याबद्दल त्यांना चाळीस वर्षांनीं, २००९ सालीं, नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. या चकतीचें कार्य समजावयास अवघड नाहीं. अंगणांत ओळीनें शेंकडों घागरी मांडल्या आहेत आणि पाऊस पडतो आहे अशी कल्पना करावी. ज्या घागरीवर जास्त पाऊस पडला ती जास्त भरली. पाऊस थांबल्यावर ओळीनें एकेक घागर मोजून कोठें किती पडलें तें लिहून काढलें, कीं तें लिहिणें म्हणजेच चित्र. पाऊस म्हणजे प्रकाश व घागर म्हणजे चित्राचा ठिपका, ज्याला पिक्सेल म्हणतात. पुढें एकोणीसशें नव्वदनंतरच्या दोन-चार वर्षांत एरिक फॉसम यांनीं अमेरिकेच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरींत अंतराळयानांचे कॅमेरे लहान व हलके करण्यासाठीं दुसऱ्या जातीची चकती सिद्ध केली. तींत प्रत्येक घागरीची मोजणी जागच्या जागीं होते, वीज थोडी लागते, आणि ती स्वस्तांत बनवितां येते. आजचे वेबकॅम व मोबाईल यांतील चकत्या याच सी-मॉस जातीच्या असतात. मंगळ-गुरूकडे जाणाऱ्यांसाठीं केलेली सोय नातवंडांशीं बोलणाऱ्या आजीच्या उपयोगीं पडली, असें म्हटलें तरी चालेल.

घागरींचा हा दृष्टांत मुद्दाम दिला. अंगण तेवढेंच ठेवून घागरींची संख्या चौपट केली तर प्रत्येक घागरीचें तोंड लहान होणार, आणि पाऊस तुरळक असला तर तळही भिजणार नाहीं. संध्याकाळच्या मंद उजेडांत स्वस्त कॅमेऱ्याचा मोठा आंकडा कां कामास येत नाहीं, त्याचें उत्तर यांत आहे.

वेबकॅमचा जन्म मात्र कोणाचा चेहरा पाहण्यासाठीं झाला नाहीं. इंग्लंडांतील केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेंत ट्रोजन रूम नांवाच्या खोलीजवळ कॉफीचें एक भांडें असे. इतर मजल्यांवर काम करणारे संशोधक जिने चढून यावेत आणि भांडें रिकामें पाहून परत जावेत, असें वारंवार घडे. १९९१ सालीं क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर व पॉल जार्देत्स्की यांनीं त्या भांड्यावर एक कॅमेरा रोखला आणि त्याचें चित्र साऱ्यांच्या संगणकांवर दिसेल अशी व्यवस्था केली. चित्र काळें-पांढरें, १२८ ठिपके उंच व तितकेच रुंद. मिनिटाला सुमारें तीन वेळां तें बदले. कॉफी काहीं त्याहून वेगानें गळत नसल्यामुळें तेवढें पुरे. १९९३ च्या नोव्हेंबरांत हें चित्र इंटरनेटच्या जाळ्यावर आलें आणि ज्यांना त्या कॉफीचा थेंबही मिळणार नव्हता असे जगभरचे लोक तें पाहूं लागले. ता. २२ ऑगस्ट २००१ रोजीं कॅमेरा बंद झाला, व त्या भांड्याला लिलावांत ३,३५० पौंड देऊन एका जर्मन वृत्तसंस्थेनें तें नेलें.

आतां थोडें गणित करूं. १२८ ला १२८ नें गुणलें कीं १६,३८४ ठिपके होतात. १०८० च्या चित्रांत १,९२० गुणिलें १,०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. आपल्या घरचा कॅमेरा सव्वाशें पटींनीं श्रीमंत आहे! तरीही केंब्रिजच्या त्या दरिद्री चित्रानें आपलें काम पुरेपूर केलें, कारण काय पाहावयाचें आहे हें कॅमेरा लावण्यापूर्वीं ठरलेलें होतें. भांडें भरलेलें कीं रिकामें, एवढाच प्रश्न होता.

पुढील हकीकत वेगानें सांगतों. १९९२ सालीं कॉर्नेल विद्यापीठांतील टिम डॉर्सी यांनीं ‘सी-यू-सी-मी’ नांवाची योजना केली. तिच्यायोगें साध्या संगणकांवरून एकमेकांस पाहतां येऊं लागलें, मात्र आरंभीं तींत आवाजही नव्हता. १९९४ सालीं अमेरिकेंतील कनेक्टिक्स कंपनीनें चेंडूसारखा गोल ‘क्विककॅम’ सुमारें शंभर डॉलरांत विकावयास काढला. चित्र करड्या रंगाच्या १६ छटांचें, ३२० गुणिलें २४०. पिक्चरफोनच्या एका महिन्याच्या भाड्यांत हा कॅमेरा कायमचा घरीं येत होता, हा फरक ठिपक्यांचा नव्हे, किंमतीचा आहे. १९९८ सालीं हा धंदा स्वित्झर्लंडच्या लॉजिटेक कंपनीनें घेतला. २००३ सालीं यू-एस-बी वरून चित्र नेण्याचा एक सर्वमान्य नियम ठरला, आणि कॅमेऱ्याबरोबर निराळी तबकडी आणून संगणकांत भरण्याची कटकट संपत चालली. त्याच वर्षीं निघालेल्या स्काइपनें २००६ च्या सुमारास चित्राचीही सोय दिली. परदेशीं मुलें असलेल्या मराठी घरांत हें नांव पुष्कळ वर्षें घरोब्याचें होतें. मे २०२५ मध्यें तें बंद झालें. वाट रुंद झाली, समोरचा माणूस मिळाला, किंमत उतरली. पिट्सबर्गला जें नव्हतें तें सारें जुळून आलें.

राहिला होता तो मनुष्यस्वभाव. त्याला २०२० च्या साथीनें वांकविलें. झूम या सोयीच्या सभांना डिसेंबर २०१९ मध्यें रोज एक कोटी उपस्थिति होती. एप्रिल २०२० मध्यें ती त्या कंपनीच्याच सांगण्याप्रमाणें तीस कोटींवर गेली. जगभर वेबकॅमचा तुटवडा पडला, व जे मिळत ते वाटेल त्या भावानें विकले जात. आपल्याकडे मार्चमध्यें शाळा बंद झाल्या आणि बहुतेक मुलांच्या वांट्याला कॅमेरा नव्हे, तर घरांतला एकुलता एक मोबाईल आला. शिक्षकांनीं त्या दिवसांत जें सोसलें तें मी जवळून पाहिलें आहे. फळ्यावरचें अक्षर मुलांना दिसत नाहीं ही तक्रार सर्वत्र होती. आणि बहुतेक ठिकाणीं तिचें कारण कॅमेऱ्यांत नसून, खिडकीचा उजेड फळ्यावर तिरका पडून तो चकाके, किंवा गुरुजींचा आवाजच पोहोंचत नसे, यांत होतें. चित्र गोठलें तरी धडा चालतो. आवाज तुटला कीं धडा संपला.

तेव्हां आज निवड करावयाची ती कशी? केवळ बोलण्यासाठीं कॅमेरा हवा असेल तर १०८० हून वर जाण्याचें कारण मला दिसत नाहीं. ७२० चा चांगला कॅमेराही पुष्कळदां पुरतो. कारण बोलतांना आपलें चित्र दाबून, लहान करून पाठविलें जातें, आणि घरच्या इंटरनेटची जाण्याची वाट येण्याच्या वाटेहून बहुधा अरुंद असते. पेटीवर दहा-बारा मेगापिक्सेल छापलेले असले तर सावध असावें. स्वस्त मालांत तेवढे ठिपके चकतीवर नसतात, उरलेले अंदाजानें भरलेले असतात. त्याऐवजीं मंद उजेडांत चित्र कसें येतें, हें दुकानांत दिवे मालवून पाहतां आलें तर पाहावें. उजेड कमी पडला कीं कॅमेरा प्रत्येक चित्राला अधिक वेळ देतो, सेकंदाला ३० ऐवजीं पंधराच चित्रें निघतात, आणि हलविलेला हात धुराच्या लोटासारखा दिसूं लागतो. यावर उपाय महाग कॅमेरा हा नव्हे. खिडकी किंवा दिवा पाठीमागें न घेतां तोंडासमोर घ्यावा. हूव्हरसाहेबांच्या तोंडावर किरण फिरविणाऱ्यांनीं शंभर वर्षांपूर्वीं केलें तें हेंच.

दिव्याचीच आणखी एक गोष्ट, जी दुकानदार सहसा सांगत नाहींत. आपल्या देशांतील वीज सेकंदाला ५० आवर्तनांची आहे, अमेरिकेंतील ६० ची. कॅमेऱ्याची मांडणी ६० वर राहिली असेल तर आपल्या दिव्यांखालीं चित्रावरून काळसर पट्टे सरकतांना दिसतात, व गिऱ्हाईक कॅमेरा बिघडला म्हणून परत नेतें. कॅमेऱ्याच्या मांडणींत ५० हा आंकडा निवडला कीं पट्टे बहुधा जातात. माझ्या मतें पेटीवरच्या साऱ्या आंकड्यांहून हा एक आंकडा अधिक मोलाचा आहे, आणि त्याला दमडीही पडत नाहीं!

एकाच जागीं बसून बोलणाऱ्यास ठरीव अंतरावर स्पष्ट दिसणारें भिंग पुरे. उलट वही, पुस्तक किंवा भरतकाम जवळ धरून दाखवावयाचें असेल तर आपोआप नजर जमविणारें भिंग घ्यावें. सारें कुटुंब एकत्र बसणार असेल तर ९० अंशांच्या आसपास पाहणारें भिंग बरें. एकट्यासाठीं तेवढें रुंद घेतलें तर मागचें कपाट व दोरीवरचे कपडेही सभेला हजर होतात. आणि कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला, समोरच्या चेहऱ्याच्या शक्य तितका जवळ बसवावा. वडिलांची नजर खालीं लागलेली दिसते ती ते पडद्याकडे पाहतात व भिंग भलतीकडे असतें म्हणून.

चित्रमुद्रण करून ठेवावयाचें असेल, म्हणजे धडा, कीर्तन, किंवा गायनाची बैठक, तर हिशेब निराळा. तेथें वाटेचा अडसर नाहीं. चित्र जसें निघालें तसें संगणकांत साठतें. येथें १०८० खरोखर उपयोगीं पडतें, आणि नृत्यासारखी जलद हालचाल असेल तर सेकंदाला ६० चित्रें घेणारा कॅमेरा घ्यावा. पण कॅमेऱ्यांत बसविलेल्या ध्वनिग्राहकावर विसंबूं नये. तो खोलींतला पंखाही तितक्याच भक्तीनें ऐकतो. थोडे पैसे कॅमेऱ्यांतून काढून निराळ्या मायक्रोफोनला द्यावेत.

भिंगाला झांकण आहे कीं नाहीं, हें मात्र कोणत्याही कॅमेऱ्याचें पाहावेंच. २०१० सालीं अमेरिकेंत फिलाडेल्फियाजवळील लोअर मेरियन येथें असें उघड झालें कीं, शाळाखात्यानें विद्यार्थ्यांना दिलेल्या संगणकांचे कॅमेरे दुरून चालू होऊन मुलांचीं त्यांच्या घरांतलीं चित्रें घेतलीं गेलीं होतीं. हरवलेले संगणक शोधण्यासाठीं ती सोय होती, असें खात्याचें म्हणणें. प्रकरण न्यायालयांत गेलें व त्याच वर्षीं ६,१०,००० डॉलर देऊन मिटविण्यांत आलें. शाळेवर ज्याचा जन्म गेला त्या माझ्यासारख्याला ही हकीकत वाचून लाज वाटली. झांकण नसेल तर कागदाची चिकटपट्टीही चालते. वापरतांना काढावी, झाल्यावर लावावी.

आणि खर्च करण्यापूर्वीं घरांतल्या मोबाईलकडे एकदां पाहावें. त्याची चकती व भिंग सामान्य वेबकॅमपेक्षां पुष्कळदां सरस असतात. ॲपल कंपनीनें २०२२ सालापासून आपला फोन आपल्याच संगणकाचा वेबकॅम म्हणून वापरण्याची सोय दिली, व अँड्रॉइडच्या चौदाव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ सालापासून, ज्या फोनांत ती सोय आहे ते नुसती तार जोडून तसेच वापरतां येतात. फोन डोळ्यांच्या उंचीला उभा धरण्यास एक लहानशी तिपाई तेवढी घ्यावी लागते.